इतर कामं, दोन तास

२ तारीख, सोमवार

ही वही कचऱ्याच्या टोपलीत होती. चोरलेली नाही. आज पालिकेच्या ऑफिसात सगळ्या कामगारांना एकेक वही वाटली. हिचा पुठ्ठा उलटा शिवला गेलाय म्हणून टेबलावरच्या साहेबांनी टाकून दिली. टोपल्या मीच रिकाम्या करते. तरी घरी आणताना किडूकच्या कपड्यांत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली. भीती वाटायचं काही कारण नव्हतं. पण मला कारण लागत नाही.

किडूक म्हणजे माझी मुलगी. दीड वर्षाची आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती. हे म्हणाले, अगं हे काय किडूकमिडूक, आणि तेच नाव पडलं.

बाकीच्या वह्या कशाला वाटल्या ते लिहिते, म्हणजे माझ्याही डोक्यात बसेल. आम्हाला दोन वर्षांपासून तासावर पैसे मिळतात. कुठल्या कामाला तासाला किती, ते आता नव्यानं ठरणार आहे. आणि कुठल्या कामाला किती तास, तेही. त्यासाठी मोठ्या ऑफिसातून एक मॅडम आल्यात. चष्मा, सपाट चपला, हातात छोटं पॅड. त्यांनी सगळ्यांना मागच्या अंगणात उभं केलं आणि म्हणाल्या, "दोन आठवडे रोज लिहायचं. कुठलं काम केलं, किती वेळ लागला. खरं लिहा. कमी नको, जास्त नको."

खरं लिहा असं सगळेच सांगतात. दवाखान्यातपण सांगतात.

मग फळ्यावर आत्ताचे दर लावले. इतके दिवस कुणाला कुणाचे माहीत नव्हते, त्यामुळे झुंबड उडाली. आक्का म्हणाली, वाच गं. आक्का माझ्याबरोबर सफाईला आहे, तिला इथे वीस वर्षं झाली, पण वाचता येत नाही. मी सातवीपर्यंत गेलेय. बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. टेबलावरचे साहेब एकशे पाच. ड्रायव्हर नव्वद. मीटर वाचणारा अठ्ठ्याहत्तर. कुत्री पकडणारा सत्तर. माळीकाका चौसष्ट. दरवाजावर बसणारा छप्पन. पाळणाघरातल्या मावशी चोपन्न. सगळ्यात खाली सफाई, बावन्न.

माळीकाका मावशींना म्हणाले, "बघा, माझी झाडं रडत नाहीत तरी मला दहा जास्त."

मावशी म्हणाल्या, "रडत नाहीत म्हणूनच. रडणाऱ्याला इथे कोण विचारतंय?"

आक्काचं दुसरंच. "दरवाजावर बसणाऱ्याला आपल्यापेक्षा चार जास्त? बसायचे?"

"हो."

"नुसतं बसायचे?"

दिवसभर तेवढंच म्हणत होती.

३ तारीख, मंगळवार

काल झोप नाही. वहीचं टेन्शन.

पाळणाघर ऑफिसच्या मागच्या बाजूलाच आहे, पालिकेचंच. तिथे मूल ठेवायचं तर कामगाराचे आठवड्याला तीस तास भरले पाहिजेत. भिंतीवर पाटी आहे. माझे छत्तीस भरतात, रोजचे सहा, सहा दिवस. म्हणून किडूकला जागा. हे लांब पाइप टाकायच्या कामावर असतात, महिन्यातून एकदा येतात. माझी आई नाही, सासूबाई नाहीत. वन्सं आहेत, पण त्यांच्या पदरी त्यांचीच तीन. पाळणाघर गेलं तर किडूकला ठेवू कुठे? आणि तिला ठेवायला जागा नसेल तर काम कसलं.

म्हणजे सगळं त्या तिसावर आहे. आणि आता तास मोजायला बाई आलीय.

मुकादमांनी मला आणि आक्काला बोलावून घेतलं. म्हणाले, "जरा डोकं चालवा. मोठं ऑफिस कशाला मोजतंय? कोण कामाचं आणि कोण बिनकामाचं हे बघायला. जो झटपट आटपतो तो राहणार. आपल्या बिल्डिंगचं नाव खाली जाता कामा नये."

मी विचारलं, "आणि सहा तास भरायला कमी पडले तर?"

"उरलेल्या वेळाला इतर कामं असं लिहायचं. शेवटचा रकाना त्यासाठीच आहे."

मुकादम माणूस चांगला आहे. मागे एकदा किडूकला टोचायला न्यायचं होतं तेव्हा मला अर्धा तास आधी सोडलं होतं.

४ तारीख, बुधवार

लिहिलं.

पहिल्या मजल्यावर नऊ खोल्या आणि पॅसेज. टेबलांखालून झाडायचं तर खुर्च्या ओढायच्या, परत लावायच्या, प्रत्येक साहेबाच्या वायरी वेगळ्या. दोन तास वीस मिनिटं लागली. तिकडच्या, ऑफिसच्या वहीत लिहिलं एक तास चाळीस. सभागृहातल्या एकशे वीस खुर्च्यांना सव्वा तास लागतो, तिथे पन्नास मिनिटं टाकली. संडास पूर्ण एक तास, चाळीस टाकली. टोपल्या आणि मागचं अंगण तास आणि वर पाच, पन्नास टाकली. बेरीज बरोब्बर चार तास आली. मग शेवटच्या रकान्यात, इतर कामं, दोन तास.

वाचून बघितलं. कुणी वाचलं तर वाटेल काय चपळ बाई आहे. मलाच जरा बरं वाटलं.

खरे आकडे इथे लिहून ठेवते. कशाला ते माहीत नाही. कुठेतरी खरं असावं.

७ तारीख, शनिवार

पाठीचा पार भुगा झालाय.

आक्काची वहीपण मीच लिहिते. ती बाकावर बसून सांगते, मी लिहिते. तिच्या नावावर तळमजला आणि जिना आहे. पण जिना तिच्याच्यानं होत नाही. दोन्ही गुडघे गेलेत. चौसष्ट पायऱ्या, आणि पायऱ्या काही नाहीत, त्या कठड्याच्या सळ्या जीव खातात, एकेक धरून पुसायची. वरून सुरू करून उलटं उतरत यायचं. वर्षभर जिना मीच करते. बदल्यात आक्का माझ्या सभागृहातल्या खुर्च्या पुसते, एका खुर्चीवर बसून दुसरी पुसायची, मग तिच्यावर सरकायचं. एकशे वीस. आमचं आमच्यात जमलंय. मुकादमांना माहीत नाही.

मी मधल्या वळणावर पाच मिनिटं बसते. तिथून खाली पाळणाघराचं दार दिसतं.

आज आक्का म्हणाली, "जिन्याला किती लिहिलंस?"

मी म्हटलं, "पस्तीस मिनिटं."

"कुणाची? माझी?"

"तुझीच. तुझ्या वहीत आहे ना."

मी सव्वा तास लिहिला असता तर मॅडमनी विचारलं असतं, ही बाई एवढी हळू का? मग गुडघे कळले असते. गुडघे कळले की काढलंच. मी तिला वाचवलं असं मला वाटतंय. आक्का पाय चोळत बराच वेळ माझ्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत होती.

८ तारीख, रविवार

यांचा फोन आला. आवाज तुटत होता. मी वहीचं सांगितलं. हे म्हणाले, "खरं लिहायला सांगितलंय तर खरं लिही की."

मी म्हटलं, "तुम्हाला तिथे कोण मोजतंय?"

"आम्हाला पाइपावर मोजतात. किती टाकले."

"आणि तुम्ही खरं सांगता?"

"पाइप दिसतात गं. खोटं कसं सांगणार?"

माझं काम दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. केलं तर काहीच दिसत नाही, न केलं तरच दिसतं. किडूकला फोन दिला. तिला एकच शब्द येतो, नाय. बाप आहे का? नाय. येतेस का माझ्याकडे? नाय. हे हसून हसून दमले.

११ तारीख, बुधवार

आज जे केलं ते कुणाला सांगता येणार नाही.

किडूकला सकाळी ताप. ताप असला की मावशी घेत नाहीत, बाकीच्या मुलांना होतो म्हणून. सुट्टी घेतली तर वहीत आख्खा दिवस कोरा. मोजणीच्या आठवड्यात कोरा दिवस. तिला औषध पाजलं आणि बरोबर नेलं. जिन्याखालच्या स्टोअरमध्ये, जिथे बादल्या आणि मॉप ठेवतो, तिथे कोरड्या फडक्यांची गादी केली आणि निजवलं. दार अर्धं उघडं ठेवलं. दर दहा पायऱ्यांनी खाली जाऊन हात लावून बघायचे. आक्का तळमजल्याची फरशी पुसत दारापाशीच घुटमळत होती, तिथली फरशी आज चारदा पुसली असेल.

जिना एक तास बारा मिनिटं. सारखं वर-खाली करूनसुद्धा. वळणावर बसले नाही.

आणि नेमकं आज, मी जिना सुरू केला तेव्हाच, मॅडम खालच्या बाकावर येऊन बसल्या. पॅड मांडीवर. मधूनमधून घड्याळ बघत होत्या, कुणाची तरी वाट बघत असतील. किडूक खोकली. मी आणखी जोरात खोकले. मॅडमनी वर बघितलं, मग स्टोअरकडे बघितलं, मग पॅडवर काहीतरी लिहिलं.

मी शेवटची पायरी पुसली तेव्हा त्या उठल्या. म्हणाल्या, "हा जिना रोज तुम्हीच करता का?"

मी म्हटलं, "नाही. आज आक्काला बरं नाही."

आक्का तीनच हात अंतरावर उभी होती, बादली घेऊन.

मॅडम म्हणाल्या, "मग आज वहीत काय लिहिणार?"

मी म्हटलं, "जे आहे ते."

त्यांनी पॅड मिटलं. मग गेल्या. पॅडवर काय लिहिलं असेल? मूल आणलं, असंच लिहिलं असणार. ताप उतरलाय. मला चढल्यासारखा वाटतोय.

तिकडे लिहिलं, जिना, आक्का, पस्तीस मिनिटं.

१४ तारीख, शनिवार

वह्या दिल्या. मुकादमांनी पानं उलटून बघितली आणि म्हणाले, "वा! चार तासांत आख्खा मजला? मी कळवतो वर, आमच्या बायका कशा आहेत ते."

आक्का म्हणाली, "कळवा. आणि बसायला एक खुर्ची मागवा."

मॅडम सामान घेऊन गेल्या. स्टोअरबद्दल एक शब्द नाही. उद्या येईल पत्र, परवा येईल.

१९ तारीख, गुरुवार

पत्र नाही. किडूक दुसरा शब्द शिकली. बादली.

२३ तारीख, सोमवार

दर वाढले! सफाईला तासाला सत्तावन्न. पाच वाढले! दरवाजावरचा आता आमच्याहून फक्त दोननं वर आहे. मी वाचलं आणि आक्काचा हात दाबला. माळीकाका म्हणाले, "चला, आता सफाईवाल्या चहा पाजणार." मीच चहा आणायला निघाले होते.

तेवढ्यात टेबलावरच्या साहेबांनी दुसरा कागद लावला. कामाचे मंजूर तास. लोक तोवर पांगले होते. मी एकटीच वाचत होते.

सफाई, पहिला मजला व सभागृह. दिवसाला चार. आठवड्याला चोवीस. सफाई, तळमजला व जिना. आठवड्याला बावीस. इतर कामांचे तास आवश्यक नसल्याने वगळले. पुढल्या एक तारखेपासून.

दोनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. चोवीस.

पाळणाघराच्या दाराशी गेले तेव्हा मावशींना कळलेलं होतं. किडूकला माझ्याकडे देताना त्या म्हणाल्या, "मला पाटी हलवता येत नाही गं. तीन मुलं रांगेत आहेत."

२४ तारीख, मंगळवार

कुणी नाही केलं. मी केलं. माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात, दोन आठवडे रोज. त्यांनी मला विचारलं तुला किती वेळ लागतो, आणि मी सांगितलं, मला थोडाच लागतो हो, बाकीचा काढून घ्या. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि आक्काच्यापण. तिचे तर गुडघेच होते आधी.

मुकादमांकडे गेले. म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं."

ते म्हणाले, "मी? मी सांगितलं होतं का चाळीस मिनिटं लिही म्हणून? अक्षर कुणाचं आहे?"

"माझं."

"मग?"

त्यांच्या टेबलाखालची टोपली भरली होती. मी ती घेतली, रिकामी केली आणि परत आणून ठेवली. तेवढंच सुचलं.

२६ तारीख, गुरुवार

टेबलावरचे साहेब म्हणाले, हरकत घ्यायची तर सात दिवस असतात, त्यातले तीन गेले. मॅडम परवा येतात हरकती ऐकायला. मी म्हटलं, घेते. ते म्हणाले, "पुरावा काय?"

"मी सांगते ना, कमी लिहिलं होतं."

"बाई, आता सगळेच सांगतील कमी लिहिलं होतं. तेव्हाचं काही आहे का? तारखेचं?"

मी नाही म्हटलं. घरी येईपर्यंत नाहीच म्हणत होते. मग किडूकचे कपडे घडी करताना ही वही हाताला लागली.

यात सगळं आहे. रोजचे खरे आकडे, तारखांसकट. पण यात आक्काचे गुडघेपण आहेत. आणि अकरा तारीख आहे, स्टोअर, ताप, मॉपांत निजवलेलं मूल. मी खोटं लिहिलं हे माझ्याच अक्षरात आहे. ही वही दिली तर तास मिळतील की दोघींना काढतील? पानं फाडली तर? फाडायला घेतली. पण एका बाजूला आक्का आहे आणि त्याच पानाच्या मागे आकडे आहेत.

२७ तारीख, शुक्रवार

आक्काला सभागृहात गाठलं. ती चाळीसाव्या की पन्नासाव्या खुर्चीवर होती. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. की तिचे आकडेही मीच कमी केले. की तिचे बावीस माझ्यामुळे झाले. की एक वही आहे आणि त्यात ती आहे.

आक्का फडकं पिळत राहिली. पाणी कधीच संपलं होतं, तरी पिळत होती.

मग म्हणाली, "पस्तीस मिनिटं. माझे गुडघे अठरा वर्षांचे करून टाकलेस तू."

"आक्का, तू चिडली आहेस."

"मग काय ओवाळू तुला? मी तेव्हाच विचारणार होते, एवढं कमी कशाला? पण म्हटलं शिकलेली पोरगी आहे, तिला कळत असेल."

सातवी. मला शिकलेली म्हणाली. रडू आलं ते त्याचंच.

"रडू नको, आत्ताच पुसलीय खुर्ची. वाच काय लिहिलंस माझ्याबद्दल."

वाचून दाखवलं. सात तारखेचं आणि अकरा तारखेचं. चारदा फरशी पुसली हे ऐकून ती म्हणाली, "पाचदा." मग पुढच्या खुर्चीवर सरकली. "दे ती वही."

"तुझे गुडघे कळतील."

"मला चालताना बघून आंधळ्यालाही कळतील. वीस वर्षांत बघितलं नाही कुणी, एवढंच. तुला पोर आहे. दे."

मी म्हटलं, "आणि तुला काढलं तर?"

ती उठली. फडकं नव्यानं ओलं करायला गेली. नळापर्यंत जायला तिला किती वेळ लागतो ते आज पहिल्यांदा बघितलं.

२८ तारीख, शनिवार

हे वहीत नाही. वही दिली. हे जुन्या दरांच्या कागदामागे लिहितेय, तोही टोपलीतलाच. मागून आकडे दिसतात, बावन्नवर माझं अक्षर आलंय.

मॅडम टेबलावरच्या साहेबांच्या खोलीत बसल्या होत्या. मी वही ठेवली आणि म्हटलं, "ही खरी आहे. ती दुसरी खोटी. दोन्ही मीच लिहिल्या."

त्यांनी आधी पुठ्ठा बघितला, मग वही फिरवून सरळ केली. वाचायला लागल्या. मी उभी. एका पानाशी थांबल्या आणि पिशवीतून ते छोटं पॅड काढलं. दोन्ही शेजारी ठेवलं.

"अकरा तारीख," त्या म्हणाल्या. "जिना, एक तास बारा. माझ्याकडेही एक तास बारा आहे."

मला कळेना. म्हणजे त्या दिवशी त्या कुणाची वाट बघत नव्हत्या. मला मोजत होत्या.

मी म्हटलं, "आणि बाकी काय लिहिलंय त्यात?"

त्यांनी पॅड माझ्याकडे वळवलं. अक्षर बारीक होतं, पण वाचलं. जिन्याखालच्या खोलीला खिडकी नाही. एवढंच होतं.

"बरी आहे का ती आता?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

मग त्या जरा कडक झाल्या. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खरं लिहा. आकडे जास्त यावेत म्हणूनच मी मोजायला आले होते. तुम्ही दोघींनी मला चोवीस आणि बावीस दिलेत. एका दिवसाच्या माझ्या नोंदीवर मी तुमच्याच वह्यांतले दोन आठवडे कसे खोडू?"

"दोघींनी नाही," मी म्हटलं. "मी."

"सोमवारी परत मोजू. मी दिवसभर बरोबर असेन. निकाल लागेपर्यंत पाळणाघर हलणार नाही, तसं लिहून देते. पण एक. ज्याचं काम तो करतो त्याच्याच नावावर लिहीन. अदलाबदल नाही."

ते शेवटचं मला तेव्हा नीट कळलं नाही. मी पाळणाघर हलणार नाही एवढंच ऐकलं.

३० तारीख, सोमवार

माझं अंग माझं ऐकेना. कुणी बघतंय म्हटलं की हात पळतातच. पहिला मजला एक तास पन्नास मिनिटांत झाला. मॅडम कपाळाला हात लावून उभ्या. आक्का जिन्याच्या तोंडाशी होती. म्हणाली, "अगं, पळतेस कुठे? घर पेटलंय का?"

"मी नेहमीसारखंच करतेय."

"नेहमीसारखं नाही, चोरासारखं करतेयस. जिना माझ्या गुडघ्यांच्या वेगानं कर."

मॅडमनी घड्याळ काढून पिशवीत टाकलं. "भिंतीवरच्या घड्याळात बघते मी. दमलात की बसा. रोज बसता तिथे."

"रोज कुठे बसते?"

"मधल्या वळणावर. वहीत आहे."

मग बसले. मॅडमपण एक पायरी सोडून बसल्या. खालून पाळणाघराचा आवाज येत होता, कुणीतरी बादली बादली म्हणून ओरडत होतं. कोण ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

पहिला मजला परत केला. दोन तास अठरा.

१ तारीख, बुधवार

पत्र आलं. माझे चौतीस तास मंजूर. त्यात जिना माझ्या नावावर. किडूकची जागा कायम.

खाली आक्काचं. तळमजला आणि सभागृहाच्या खुर्च्या. अठ्ठावीस.

तिचेही छत्तीस होते, त्यातून आठ गेले. माझ्या वहीनं गेले. ज्याचं काम त्याच्या नावावर, आणि तिच्या नावावर जेवढं गुडघ्यांना झेपतं तेवढंच उरलं. काढलं नाही म्हणून देवाचे आभार मानायचे की काय करायचं? मी पत्र तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा विचारलं नाही. म्हणाली, "बावीसहून बरे." चहा घेतला नाही. मी दिला तरी घेतला नाही.

मॅडम निघताना तिला म्हणाल्या, "दरवाजावरचे गृहस्थ दोन महिन्यांनी निवृत्त होतायत. बसायचं काम आहे, तास पूर्ण. तुमचा अर्ज घेता येईल. लिहिता येतं का?"

आक्का म्हणाली, "अंगठा येतो."

"रजिस्टर भरावं लागतं. कोण आलं, कधी आलं, कधी गेलं."

"मग राहू दे. बसायलाही शाळा लागते हे माहीत असतं तर शाळेत गेले असते."

सगळे हसले. मी हसले नाही.

६ तारीख, सोमवार

किडूक जिन्याच्या पायऱ्या चढायला शिकलीय, हातापायांवर. उतरता येत नाही. वर जाऊन रडते.

आज पाच वाजता दार वाजलं. आक्का. आमच्या घरापर्यंत पहिल्यांदाच आली. दोन जिने चढून. बसल्यावर आधी पाणी प्यायली, मग किडूकला चापट मारल्यासारखं केलं, मग इकडेतिकडे बघितलं. मला वाटलं आता बोलणार, जे एवढे दिवस बोलली नाही ते.

पिशवीतून पेन्सिल काढली. नवीन, टोक न केलेली.

म्हणाली, "मी त्या दरवाजावरच्याकडे दोन दिवस बघत बसले होते. नाव लोक स्वतःच लिहितात. घड्याळ मला कळतं, आकडे काढता येतात. त्याला फक्त दोनच शब्द लिहावे लागतात. आत आणि बाहेर."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"बघतेस काय? दोन महिने आहेत. दोन शब्द. गुडघे लागत नाहीत त्याला."

टोक केलं. कागद हाच, दरांचा, कडेला जागा होती तिथे. तिचा हात माझ्या हातात धरला तर लाकडासारखा. पेन्सिल मोडेल अशी धरते, जशी सळी पुसायला धरावी. काना वाकडा येतो. किडूक मधेच कागदावर बसली. आक्का घामानं भिजली, फरशी पुसतानाही भिजत नाही एवढी. आठ वेळा खोडलं. नवव्या वेळेला वाचता आलं. तिनं कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, "एवढंसंच असतं होय?"

आज "आत" झालं. "बाहेर" उद्या.

इतर कामं, दोन तास. खरे.